फरक दिसला नाही, म्हणजे किती?

सातारा

चिरंजीव विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

प्रकाशाचा वेग सर्व दिशांना सारखाच असतो का, हे घरच्या इंटरफेरोमीटरवर (एकाच प्रकाशाचे दोन भाग काटकोनातल्या वाटांनी पाठवून, परत आल्यावर एकत्र करून उजेड-काळोखाचे पट्टे दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासण्याचा तुझा बेत मला आवडला. मात्र ‘फरक दिसला नाही’ एवढे लिहून वही मिटण्याची घाई पटली नाही. उपकरण आंधळे असले तरी फरक दिसत नाहीच.

मायकेलसन आणि मोर्ले या शास्त्रज्ञांनी १८८७ साली क्लीव्हलँडला पाऱ्यावर तरंगणारी शिळा सावकाश फिरवत एका फेरीत १६ ठिकाणी वाचने घेतली. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे पृथ्वीच्या सेकंदाला ३० किलोमीटर गतीमुळे सुमारे ०.४ पट्ट्याचे सरकणे अपेक्षित होते, ते ०.०२ पेक्षाही कमी आहे, असे त्यांना ठामपणे लिहिता आले, कारण एका पट्ट्याची रुंदी मोजपट्टीच्या किती भागांची हे त्यांनी मोजले होते. दर ३ महिन्यांनी प्रयोग पुन्हा करू, असेही त्यांनी आपल्या लेखात लिहिले होते. ते मात्र राहूनच गेले.

मीही राजवाड्याजवळच्या जुन्या घराच्या माडीवर स्कूटरच्या ट्यूबवर शहाबादी फरशी ठेवून हा खटाटोप केला आहे. रस्त्याने एसटी गेली की भिंतीवरचे पट्टे थरथरत, म्हणून रात्री २ नंतर बसत असे. एकदा फरशीच्या प्रत्येक फेरीत पट्टे एकदा सरकू लागले आणि मी हरखून गेलो. गवंड्याची पाणसळ आणून ठेवली, तेव्हा फरशी कललेली निघाली. प्रकाश जाऊन परत येतो अशा मांडणीत उपकरण अर्धी फेरी फिरले की स्थिती पहिल्यासारखीच होते, त्यामुळे दिशेचा खरा परिणाम फेरीत दोनदा उमटायला हवा. एकदाच उमटणारी खूण बहुधा कलाची किंवा उष्णतेची.

२००९ साली फिरत्या टेबलावरच्या दोन काटकोनी प्रकाशीय पोकळ्यांच्या (समोरासमोरच्या आरशांत प्रकाश खेळवणाऱ्या) वारंवारता ताडून ही तपासणी एकावर १७ शून्ये इतक्या भागांत एका भागापर्यंत पोहोचली, पण कल आणि तापमान यांचा पहारा तिथेही सुटला नाही.

तुझ्या ६ दिवसांच्या नोंदींचेही तसेच आहे. दिशेचा खरा परिणाम ज्या तालावर उमटेल ती ताऱ्यांच्या संदर्भातली पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची, तर पत्र्याच्या छपराची ऊबगारठ्याची फेरी २४ तासांची. हे दोन ताल नीट वेगळे पडायला वर्षभराच्या नोंदी लागतात.

तूर्त उपकरण आंधळे नाही ना हे पाहायला फरशीच्या एका कडेखाली पोस्टकार्ड सरकव, आणि पट्टे किती हलले तेवढे कळव.

तुझा शुभचिंतक