कॉलर घेण्याआधी

बाळा, पाळकपदाच्या दीक्षेआधी पाळकाची कॉलर शिवायची म्हणतोस, तर आधी नावं नीट समजून घे. समोर गळ्याशी फक्त पांढरा चौकोन दिसतो ती टॅब कॉलर. शर्टाच्या उभ्या कॉलरीत प्लॅस्टिकची छोटी पट्टी, म्हणजे टॅब, सरकवली की झालं. गळ्याभोवती सगळीकडून पांढरी कडा दिसते ती पूर्ण पट्टीची. तिला पुढे-मागे बटणं लागतात. ‘रोमन कॉलर’ या नावावरून ती रोमन कॅथलिकांची समजू नकोस. ही काढता येणारी कॉलर स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पाळकानं, डोनाल्ड मॅक्लिऑडनं काढली असं सांगतात. म्हणजे उगम आपल्याच प्रॉटेस्टंट घरातला!

हनुवटीखाली लोंबणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या म्हणजे बँड्स, ती कॉलर नव्हे. मी एकदा त्या लावून कोर्टाजवळ चहाला थांबलो, तर एक म्हातारबाबा सातबारा काढून पुढ्यात बसले, ‘वकीलसाहेब’ म्हणत.

तू टॅबचीच घे. जालन्याच्या मे महिन्यात पूर्ण पट्टी गळ्याला काचते, घामोळं येतं. शिंप्याला ‘चायनीज कॉलर, आत बकरम, समोर टॅबपुरती फट’ एवढंच सांग. कापड सुतीच हवं, टेरिकॉट नको. रंग काळा किंवा करडा. जांभळा बिशपसाहेबांचा, त्या वाटेला जाऊ नकोस.

टॅब हमखास हरवते, तीही रविवारी सकाळीच. पांढऱ्या शाम्पूच्या बाटलीतून कात्रीनं कापलेली पट्टी माझ्या बायबलात कायम असते. कोपरे मात्र गोल काप, नाहीतर गळ्याला टोचतात.