टाइमआउट झाल्यावर को-रूटीन लगेच डिस्ट्रॉय केलं तर सर्व्हर मधूनच का पडतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सी++ २० मधला सर्व्हर, प्रत्येक जोडणीला एक को-रूटीन (मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणारं फंक्शन), खाली लिनक्सचं आयओ-युरिंग (वाचन-लेखनाची कामं कर्नलकडे सोपवून निकाल नंतर घ्यायची सोय). मुदत संपली की तुम्ही को-रूटीनच्या हँडलवर थेट डिस्ट्रॉय करता, आणि दिवसातून एखादे वेळी सर्व्हर पडतो, दर वेळी वेगळ्या जागी. डिस्ट्रॉय तर को-रूटीन सस्पेंड, म्हणजे थांबलेलं, असतानाच होतंय, मग चुकतंय कुठे?

भाषेच्या नियमांप्रमाणे तुमचं काहीच चुकत नाही. सस्पेंड झालेल्या को-रूटीनवर डिस्ट्रॉय चालतं: लोकल व्हेरिएबल्सचे डिस्ट्रक्टर उलट्या क्रमाने चालतात, मग प्रॉमिसचा (को-रूटीनचा कारभार बघणारा ऑब्जेक्ट), आणि फ्रेमची, म्हणजे को-रूटीनची स्थिती जिथे असते ती, मेमरी परत जाते. अडचण अशी की त्या फ्रेमचा पत्ता एकट्या तुमच्याकडे नव्हता. रिसीव्ह सबमिट करताना तो तुम्ही कर्नललाही देऊन ठेवलात, तोही दोनदा: एकदा बफर म्हणून आणि एकदा यूजर-डेटा (कर्नल निकालासोबत जसाच्या तसा परत देतो तो आकडा) म्हणून. तुम्ही फ्रेम मोडलीत, पण कर्नलला त्याची खबरच नाही. डेटा आला की तो जुन्या जागी लिहिणार, आणि कम्प्लीशन, म्हणजे काम संपल्याची नोंद, आलं की तुमचा इव्हेंट लूप जुन्याच हँडलवर रिझ्यूम करणार.

हे खात्रीने सांगतो, कारण दोन हंगामांपूर्वी हेच आमच्याकडे घडलं. मी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. काट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ वर आकडा पाठवतो, कन्व्हर्टरमधून तो टीसीपीने सर्व्हरला येतो, आणि प्रत्येक काट्यामागे एक को-रूटीन तो वाचत असतं. तीन सेकंदांत आकडा आला नाही तर ते डिस्ट्रॉय करायचं आणि नवीन सुरू करायचं, अशी आमची रचना. गाळप जोरात होतं, रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि एका पावतीवर शेजारच्या काट्यावरच्या गाडीचं वजन छापून आलं. शेतकरी डिस्प्लेसमोर उभा राहून आकडा वाचत होता म्हणून ते तिथल्या तिथे सापडलं. आमच्या भागात काटामारीचा संशय कायम मनात असतो, आणि वर्षभर राबून आणलेल्या उसाचा हिशेब त्या एका कागदावर ठरतो. त्यामुळे ‘क्वचितच होतं’ असं म्हणून ते सोडून देणं मला शक्यच नव्हतं.

झालं होतं ते इतकंच. पहिल्या काट्याचं को-रूटीन मोडलं, पण त्याचं रिसीव्ह कर्नलमध्ये तसंच वाट बघत राहिलं. मग दुसऱ्या काट्यासाठी नवीन को-रूटीन सुरू झालं. फंक्शन तेच, म्हणून फ्रेमचा आकारही तोच, आणि मेमरी वाटणाऱ्या मॅलॉकने नुकताच मोकळा झालेला तोच तुकडा पुन्हा दिला. पहिल्या काट्याचा आकडा आला तो कर्नलने जुन्या पत्त्यावर लिहिला, म्हणजे आता दुसऱ्या काट्याच्या बफरमध्ये. कम्प्लीशनमधला यूजर-डेटाही त्याच पत्त्याचा, म्हणून दुसऱ्याचं को-रूटीन जागं झालं आणि आपलंच वाचन पूर्ण झालं असं समजून पुढे गेलं. ना क्रॅश, ना एरर. तुमचा सर्व्हर निदान पडतो तरी.

मेमरीतल्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या लिहिण्यावर काही बोलत नाही, कारण लिहिणारा कर्नल आहे, तुमचा कोड नाही. आम्ही प्रॉमिस टाइपला स्वतःचे ऑपरेटर न्यू आणि ऑपरेटर डिलीट दिले. डिलीटमध्ये मेमरी परत न देता सगळ्या फ्रेममध्ये डीडी हा बाइट भरायचा आणि तो तुकडा काही वेळ बाजूला ठेवायचा. पुढच्याच चाचणीत इव्हेंट लूप त्या मेलेल्या फ्रेमवर रिझ्यूम करायला गेला आणि जागेवर पडला. कोर डंप उघडला तर डीडी डीडी डीडी अशा ओळींच्या मधोमध ३१ ३२ ३४ ३८ ३०. म्हणजे अ‍ॅस्की अक्षरांत १२४८०, किलोमध्ये एका भरलेल्या गाडीचं वजन. तुमच्याकडे हे आधी करून बघा. वेगवेगळ्या जागी होणारे क्रॅश एकाच जागी येतील.

आता उपाय. रद्द करणं म्हणजे निरोप धाडणं, आणि त्याची पोच येईपर्यंत फ्रेमला हात लावायचा नाही. आयओ-युरिंगमध्ये त्यासाठी असिंक-कॅन्सल आहे, लिनक्स ५.५ पासून. ते सबमिट केलं की दोन कम्प्लीशन येतात, एक कॅन्सलचं स्वतःचं आणि एक मूळ रिसीव्हचं. कोणतं आधी येईल याचा भरवसा नाही. तुमची पोच म्हणजे मूळ रिसीव्हचं कम्प्लीशन. कॅन्सलने शून्य परत केलं म्हणून फ्रेम मोडू नका. कॅन्सलचं उत्तर उणे २ आलं तर ती क्रिया सापडली नाही, बहुतेक आधीच संपलीय. उणे ११४ आलं तर ती चालू आहे, थांबेल किंवा पूर्णही होईल. तिन्ही वेळा मूळ कम्प्लीशनची वाट बघायचीच. त्यात बहुधा उणे १२५, म्हणजे रद्द झालं, असं येतं. पण कधी कधी त्यात खरे बाइट येतात. ते सॉकेटमधून निघून आलेले असतात, पुन्हा मिळणार नाहीत. ‘आपण तर रद्द केलं होतं’ म्हणून ते फेकलेत आणि पुढे तीच जोडणी वापरलीत, तर पुढचा संदेश अर्धवट वाचला जाईल.

नुसतं क्लोज करून भागत नाही. चालू असलेली क्रिया फाइलचा संदर्भ धरून ठेवते, आणि तो डिस्क्रिप्टर क्रमांक मात्र पुढच्या जोडणीला मिळतो. पत्त्यांचंही तेच होतं हे वर पाहिलंच. म्हणून यूजर-डेटात नुसता पत्ता न ठेवता स्लॉटचा क्रमांक आणि त्याच्या जोडीला दर वेळी वाढणारा पिढी-क्रमांक ठेवा. उशिरा पोचलेलं कॅन्सल मग भलत्याच क्रियेवर जाणार नाही.

एकदा ही शिस्त लावली की डिस्ट्रॉयची गरजच फारशी उरत नाही. रद्द झाल्याचा एरर को-अवेटमधून, म्हणजे को-रूटीन जिथे वाट बघत थांबतं तिथून, परत येतो, को-रूटीन स्वतःच्या पायांनी शेवटापर्यंत चालत जातं, आणि वाटेत आवराआवर करतं. डिस्ट्रक्टरमध्ये को-अवेट करता येत नाही, त्यामुळे समोरच्या यंत्राला ‘थांबतोय’ असा संदेश पाठवायचा असेल तर तो को-रूटीनच्या अंगातच पाठवावा लागतो. तेही कॅच ब्लॉकमध्ये नाही. तिथे को-अवेटला भाषेचीच मनाई आहे. कॅचमध्ये खूण करून ठेवा, बाहेर या, मग अवेट करा. या आवराआवरीला रद्द करण्याचं टोकन देऊ नका, नाहीतर तीही पहिल्याच पावलाला रद्द होईल. तिला वेगळी, छोटी मुदत द्या.

स्टॉप-टोकन (सी++ मधली ‘थांबा’ असा निरोप पोचवायची सोय) वापरत असाल तर एक खाच आहे, तिने माझे दोन दिवस घेतले. टोकन आधीच थांबलेलं असेल तर स्टॉप-कॉलबॅक नोंदवतानाच चालतो, त्याच थ्रेडवर. तुम्ही कॉलबॅक आधी नोंदवला आणि रिसीव्ह नंतर सबमिट केलं, तर कॅन्सल रांगेत पुढे जातं, त्याला काही सापडत नाही, आणि रिसीव्ह कायमचं लटकतं. आधी सबमिट करा, मग नोंदवा. दुसऱ्या थ्रेडवरून थांबवायचं असेल तर इव्हेंट-एफडीने (लूपला जागं करणारा लिनक्सचा डिस्क्रिप्टर) लूपला निरोप द्या आणि कॅन्सल लूपच्याच थ्रेडवर करा. को-रूटीन चालू असताना डिस्ट्रॉय झालं तर ते अनडिफाइन्ड बिहेवियर आहे.

फायनल-सस्पेंड, म्हणजे को-रूटीनचा शेवटचा टप्पा, थांबणारंच ठेवा, म्हणजे फ्रेम मालकच मोडेल.

फ्रेम लगेच मोडायचीच असेल, तर बफर आणि क्रियेची नोंद फ्रेमबाहेर, वेगळ्या तुकड्यात ठेवा. को-रूटीन गेलं तरी तो तुकडा कम्प्लीशन येईपर्यंत जगतो आणि मग मोकळा होतो. जास्तीचं अ‍ॅलोकेशन पडतं. रस्ट भाषेत फ्यूचर (तिथलं अपुरं असिंक काम) ड्रॉप केलं की तेच रद्द करणं असतं, म्हणून तिथल्या आयओ-युरिंगच्या लायब्रऱ्यांनी हाच मार्ग धरला आणि बफरची मालकीच मागून घेतली.

सुरुवात अवेटरपासून, म्हणजे को-अवेट ज्यावर थांबतं त्या ऑब्जेक्टपासून, करा. त्यात ‘कर्नलकडे आहे’ अशी एक बूल ठेवा, सबमिट करताना ट्रू, मूळ कम्प्लीशन आल्यावर फॉल्स, आणि डिस्ट्रक्टरमध्ये ती ट्रू सापडली तर अबॉर्ट. आमच्या कोडमध्ये हे घातलं तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत तीन जागा निघाल्या. तुमच्याकडे ज्या निघतील त्यांचे कॉल स्टॅक प्रश्नातच जोडा, मी बघतो.