‘व्यवसाय’, ‘बोलावणे’ आणि ‘पाचारण’

फोंड्याहून अनुवादाचे काम करणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, एका ख्रिस्ती तरुणाच्या मुलाखतीचा अनुवाद करताना त्यांनी पुढील वाक्य लिहिले, पण ते त्यांनाच पटेना : ‘आपला धर्मगुरूचा व्यवसाय निश्चित करण्यात पारंपरिक लिटर्जीने महत्त्वाची भूमिका बजावली.’ मूळ इंग्रजी मजकुरात ‘व्होकेशन’ आणि ‘डिसर्नमेंट’ हे शब्द आहेत. ‘व्यवसाय’ काढून तेथे ‘देवाचे बोलावणे’ घातले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘व्यवसाय’ येथे कसा शिरला हे उघड आहे. ‘व्होकेशनल कोर्स’ला आपण व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणतो, आणि कोश उघडला की पहिला प्रतिशब्द तोच हाती लागतो. पण मूळ लॅटिन क्रियापद ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणे, आणि कॅथलिक वापरात तो अर्थ अजून जिवंत आहे. व्यवसाय माणूस स्वतः निवडतो आणि जमला नाही तर बदलतो. येथे मात्र हाक मारणारा दुसराच कोणी असतो, आणि ज्याला हाक आली त्याच्या वाट्याला ओ देणे किंवा न देणे एवढेच उरते. तेव्हा ‘व्यवसाय’ बाद, याविषयी दुमत नसावे.

‘बोलावणे’ अर्थाने अचूक आहे, पण मराठीत त्याला एक निराळीच छटा चिकटली आहे. ‘विसाव्या वर्षी त्याला देवाचे बोलावणे आले’ असे छापून आले, तर वाचक हळहळतील आणि मुलाच्या आईवडिलांना सांत्वनाची पत्रे जातील. ‘वरून बोलावणे आले’ याचा मराठीत एकच अर्थ होतो, आणि तो सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या, दारापाशी नेत नाही.

‘आवाहन’ हा शब्दही काही जण सुचवतात. त्याची अडचण अधिक सूक्ष्म आहे. षोडशोपचार पूजेत आवाहन हा पहिला उपचार असतो, आणि त्यात माणूस देवाला बोलावतो. येथे देव माणसाला बोलावतो आहे. दिशाच उलटी झाल्यामुळे, पूजेची सवय असलेल्या वाचकाला हा शब्द आत कोठेतरी टोचत राहतो.

राहिला ‘पाचारण’. मराठी बायबलमध्ये इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, झालेल्या पाचारणाला शोभेल असे वागा, असा उपदेश आहे आणि तेथे नेमका हाच शब्द योजला आहे. वसईकडील मराठीभाषक कॅथलिकांच्या लेखनातही तो रुळलेला आहे. त्याला सरकारी वास येतो, अशी एक तक्रार असते, कारण वर्तमानपत्रांत ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले’ हे वाक्य आपण वरचेवर वाचतो. मला तर तो या शब्दाचा गुणच वाटतो. ज्याला पाचारण होते त्याने हातातले काम टाकून निघायचे असते, हा भाव त्या बंबवाल्या वाक्यातही आहेच.

गोव्यात हा शब्द आपल्या कानांवरून फारसा जात नाही, कारण येथील ख्रिस्ती शेजाऱ्यांची प्रार्थना कोंकणीत चालते आणि कोंकणीत यासाठी ‘आपोवणें’ हा घरगुती शब्द आहे. आमच्या शेजारीण बाई एकदा आईला आनंदाने सांगत आल्या, ‘बाय, आमच्या पुताक आपोवणें आयलां.’ आईने सहज विचारले, ‘कोणाच्या लग्नाचे?’ त्या क्षणभर गोंधळल्या आणि मग हसत त्यांनी बोट आकाशाकडे केले. आई त्यामुळे आणखीच दचकली. मुलगा सेमिनरीत जाणार आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. तसे पाहिले तर ख्रिस्ती विषयावर मराठीत लिहिणे गोव्याला नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. आणि त्याच राशोलच्या सेमिनरीत आजही पाद्री घडवले जातात.

आता ‘डिसर्नमेंट’. तुमच्या वाक्यातले ‘निश्चित करणे’ येथे ‘व्यवसाया’इतकेच चुकते, कारण ज्याला हाक आली तो ती निश्चित करत नाही, ओळखतो. लॅटिन ‘चेर्नेरे’ म्हणजे चाळणे, वेगळे काढणे. चाळणीचे लॅटिन नावही त्याच मुळाशी जोडलेले आहे. आणि आपला ‘विवेक’? ‘वि’ या उपसर्गापुढे ‘विच्’ हा धातू, अर्थ वेगळे करणे. सुपात तांदूळ घेऊन बाई पाखडते, कोंडा उडतो, खडा बोटाला लागतो आणि तांदूळ मागे राहतो, तीच ही क्रिया. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता धान्य निवडण्याच्या कामातून एकच कल्पना काढावी, याचे मला नेहमी कौतुक वाटते. संत इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, आणि त्यात मनातल्या प्रेरणांपैकी कोणती देवाकडून येते व कोणती नाही हे निवडण्याचे नियमच दिले आहेत. म्हणून पारिभाषिक शब्द हवा असेल तेथे ‘पाचारणाचा विवेक’ लिहावे, आणि ओघवत्या गद्यात ‘पाचारण पारखणे’. पारख सोनाराची असते आणि ती घाईने होत नाही, ही छटा येथे उपयोगीच आहे. शिवाय ही पारख एकट्या उमेदवाराची नसते, चर्चही त्याला पारखत असते : दीक्षाविधीत उमेदवाराचे नाव पुकारले जाते आणि तो ‘आद्सुम’, म्हणजे ‘उपस्थित आहे’, असे उत्तर देतो, तेव्हा आतली हाक आणि बाहेरची हाक एकत्र येतात.

‘पारंपरिक लिटर्जी’ याला अधिक जपावे लागेल. ‘लिटर्जी’साठी ‘उपासनाविधी’ ठीक आहे. ‘पूजा’ नको, ती फुलेपानांसह डोळ्यांपुढे येते. पण ‘पारंपरिक’ हे येथे साधे विशेषण नाही, ते एका ठराविक विधीचे नाव झाले आहे : पोप पायस पाचवे यांनी १५७० मध्ये लागू केलेला, १९६२ च्या आवृत्तीपर्यंत चालत आलेला आणि १९६९ च्या सुधारणेनंतर मागे पडलेला मिस्साविधी (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना). गोमंतकीय वाचक मात्र ‘पारंपरिक’ वाचताच आपल्या गावचे लादाइन, म्हणजे एकत्र म्हटलेली प्रार्थना, आठवेल. क्रुसासमोर मेणबत्त्या, एक व्हायोलिन, दोन सुरांत चाललेली लॅटिन ‘ओरा प्रो नोबिस’, आणि शेवटी उकडलेले चणे. तेही लॅटिनच आणि तेही परंपरेचेच, परंतु मुलाखतीतल्या तरुणाला ते अभिप्रेत नाही. नवा विधीही लॅटिनमध्ये करता येतो, त्यामुळे नुसते ‘लॅटिन मिस्सा’ म्हणूनही भागणार नाही. ‘जुना लॅटिन मिस्साविधी’ असे लिहिले की गोंधळ मिटतो. त्या विधीच्या आरंभी वेदीच्या पायरीशी उभा राहून धर्मगुरू ‘मी देवाच्या वेदीकडे जाईन’ असे म्हणतो, आणि सेवा करणारा मुलगा उत्तर देतो की, ‘माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे’. वेदीवर सेवा करणाऱ्या पोराच्या तोंडी रोज हे शब्द येत असतील, तर या विधीचा त्या तरुणाने उल्लेख का केला हे समजायला फारसे कष्ट पडत नाहीत.

‘महत्त्वाची भूमिका बजावली’ हा तर इंग्रजीचा उसना अंगरखा आहे. मराठीत भूमिका नट करतो किंवा पक्ष घेतो. विधीचा आधार होतो, वाटा असतो, हातभार लागतो. तेव्हा सगळे वाक्य मोडून मी असे लिहीन : ‘धर्मगुरू होण्यासाठी आपल्याला पाचारण झाले आहे का, हे पारखताना त्याला जुन्या लॅटिन मिस्साविधीचा मोठा आधार झाला.’ ‘पाचारण झाले’ असेच ठेवावे. ‘पाचारण केले’ लिहिल्यास कर्ता सांगावा लागतो, आणि तो कोण हे तर त्या बिचाऱ्याला अजून पारखायचे आहे.