आजोबांची युद्धातली पत्रं सापडली, पण त्यात युद्धाबद्दल काहीच नाही. जपावीत का? कशी?

“जपावीत का” हे विचारूच नका. जपायचीच.

माझे चुलते 1971 ला 1 मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. 10 डिसेंबरच्या रात्री जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) पाकिस्तानची 31 बलुच पलटण वेढा फोडायला निघाली आणि थेट ह्यांच्या मोर्चांवर आली. दुसऱ्या दिवशी जमालपूर आपल्या ताब्यात. त्यानंतर सोलापूरला घरी आलेलं पत्र असं: “मी खुशाल. आण्णांची रातपाळी संपली का? आईच्या दम्याचं औषध आणलं का? धाकटीच्या फीचे पैसे मनिऑर्डरनं पाठवतो. गड्ड्याच्या जत्रेला रजा मिळेल असं वाटत नाही.” संपलं. पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसतं 99 एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय.

माझा थोरला भाऊ म्हणतो, यात युद्ध कुठंय? अरे, पलटण कुठं आहे, कोण पडलं, हे लिहायची मुभाच नव्हती. शिवाय आज्जीला वाचता येत नव्हतं. गिरणीच्या चाळीतले एक मास्तर पत्र मोठ्यानं वाचायचे आणि दारात निम्मी चाळ गोळा व्हायची. हे त्या पोराला ठाऊक होतं. चारचौघांत आई हादरेल असं एक अक्षर त्यानं लिहिलं नाही. तसली रात्र काढून आईच्या दम्याची चौकशी करणं, ह्याला मी हिंमत म्हणतो.

दादानं “आपण जिंकलो” लिहिलेलं एकच पत्र निवडलं, लॅमिनेट केलं आणि हॉलमध्ये खिडकीसमोर लावलं. बाकीची रद्दीत निघाली होती, ती मी उचलून आणली. भिंतीवरच्या पत्राची शाई आता उडालीय आणि प्लॅस्टिक काढायला गेलं तर कागद फाटतो.

तेव्हा लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. टाचण्या काढा, गंजून कागद खातात. घड्या उलगडून सपाट ठेवा, पण पत्र्याखालच्या माळ्यावर नको, आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे. फोटो काढाल तेव्हा पत्त्याची बाजूही घ्या, तारखेचा शिक्का तिथंच असतो. मग तारखेनं लावून सलग वाचा, सुटं पत्र वाचून माणूस कळत नाही.

कागदाचे तुकडेच पडत असतील तर मात्र घरी हात लावू नका, जाणकाराला दाखवा. आणि नेटवर टाकण्याआधी तुमच्या आज्जी असतील तर त्यांना विचारा, पत्रं त्यांची आहेत.

भिंतीवर लावायचंच असेल तर झेरॉक्स लावा. दादालाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं.