मुलाचे पाय दुखले म्हणून स्कीइंग सोडू नका, आधी बूट बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. सहा वर्षांचा मुलगा, घरापासून जवळची छोटी टेकडी, पहिलाच दिवस. अकरा वाजता पाय दुखतात, पाय गार पडले म्हणून रडू लागला आणि साडेबाराला तुम्ही सगळे परत गाडीत. आता तुम्ही विचारताय की त्याला हे आवडतच नाही असं समजून सोडून द्यावं, की पैसे साठवून एकदा मोठ्या रिसॉर्टला न्यावं, म्हणजे तिथल्या सोयींमुळे तरी जमेल.

मला वाटतं, दोन्ही करू नका. त्याच टेकडीवर परत जा, फक्त बूट बदला. पोस्टमध्ये तुम्ही जाता जाता लिहिलंय, "थोडे मोठे बूट घेतले होते, आत लोकरी मोज्यांचे दोन जोड होते, तरी गारठला." माझ्या मते सगळं दुखणं त्या एका वाक्यात आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलीला मी अगदी अस्संच तयार करून नेलं होतं, आणि त्या चुकीपायी पुढची दोन वर्षं तिने बर्फावर पाऊल ठेवलं नाही.

आधीच सांगते, मी इन्स्ट्रक्टर नाही, डॉक्टरही नाही. दोन मुलांना घेऊन छोट्या टेकड्यांवर जाणारी आई आहे, एवढंच. कपड्यांचे थर, जीन्स नको, हेल्मेट हवंच, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. पायाची लांबी १९.५ सेंटिमीटर, पण हे मी नंतर घरी मोजलं. सामान भाड्याने देणाऱ्या काउंटरवर मी तिच्या रोजच्या बुटाचा नंबर सांगितला आणि वर म्हटलं, "एक नंबर मोठाच द्या, आत जाड मोजे आहेत." त्यांनी २२ चा, म्हणजे २२ सेंटिमीटर पायाचा बूट दिला. पाय सहज आत गेला, कुठे टोचत नव्हतं, मला हायसं वाटलं. तासाभराने ती मॅजिक कार्पेटच्या, म्हणजे नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या तोंडाशी बसली ती उठेना. आत नेऊन बूट काढला तर वरचा मोजा घोट्यापाशी गोळा झालेला, आतला घामाने ओला, आणि नडगीवर सुरकुतीचा आडवा लाल वळ, माझ्या करंगळीएवढा जाड. पायाची बोटं पांढरी पडलेली. अंगठा मुठीत धरला तर बर्फाच्या खड्यासारखा लागला. आणि मला काय वाटावं? मोजे कमी पडले! तिसरा जोड काढायला मी पिशवीत हात घातला होता.

खरं कारण असं. बूट मोठा असला की टाच आत वर-खाली होते. पाय हलतोय म्हणून आपण बकल आणखी आवळतो. तो दाब पावलाच्या वरच्या भागावर येतो, तिथल्या रक्तवाहिन्या दबतात आणि बोटांपर्यंत ऊबच पोचत नाही. मोज्यांचे दोन थर एकमेकांवर सरकतात, सुरकुत्या पडतात, घाम धरून ठेवतात. स्की बुटात ऊब राखायचं काम मोज्याचं नसतं, आतल्या जाड लाइनरचं, म्हणजे अस्तराचं असतं. म्हणून एकच मोजा, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा, मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. सुती अजिबात नको. आणि बुटात मोज्याखेरीज दुसरं काहीही जाता कामा नये. थर्मल पँटचा काठसुद्धा बुटाच्या वर राहिला पाहिजे. मुलं घाईघाईत तो आत कोंबतात आणि मग तोच काठ नडगीला चावतो.

स्की बुटाचा नंबर मोंडोपॉइंटमध्ये असतो, म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. रोजच्या बुटाचा नंबर सांगूच नका. घरी मुलाला भिंतीला टाच लावून उभं करा, अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजा, दोन्ही पायांचं. जो पाय लांब, तो आकडा. बहुतेक बुटांत २० आणि २०.५ यांचं बाहेरचं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरावरून काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

बूट घालताना टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, मग घोट्याजवळचं बकल आधी लावा, बाकीची नंतर. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की बोटं थोडी मागे सरकली पाहिजेत. लाइनर निघत असेल तर तो काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. साधारण दीड ते दोन सेंटिमीटर ठीक. तुमच्या हाताची चार बोटं आत जात असतील तर तो बूट परत द्या. "पुढच्या वर्षीही होईल" हा हिशोब आपण शाळेच्या बुटांना लावतो, स्की बुटाला तो लावू नका. हे मी जरा जोरात सांगतेय, कारण मी तोच लावला होता.

आता त्या दिवशी पुढे काय झालं ते. टेकडीचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं एव्हाना बदलली असतील, आणि हे तेवढ्या एका जागी घडतं असंही नाही.

बूट बदलून घ्यायला मी रेंटल काउंटरवर गेले. वीस मिनिटं रांग. नंबर आला तर म्हणाले, फॉर्मवर तुम्हीच हा नंबर लिहिलाय, बदलायचा तर नवा फॉर्म लागेल, तो पलीकडच्या खिडकीवर मिळेल. पलीकडे म्हणाले, आधीचं सामान जमा केल्याची चिठ्ठी आणा. सामान जमा करायला स्की हव्यात, त्या बाहेर स्टँडवर. मुलगी अनवाणी पाय माझ्या जॅकेटात गुंडाळून बाकावर बसलेली, तिला तशीच सोडून मी बाहेर धावले. शेवटी एका मुलाने २० चा बूट हातात ठेवला, पण स्कीकडे बघितलंही नाही. बाहेर येऊन मी तिचा बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत दाबतेय, दाबतेय, बसतच नाही. पुन्हा आत. ते टेक्निशियनचं काम, टेक्निशियन जेवायला गेलेत. तोवर तिचा धडा संपला. दुपारच्या तुकडीत जागा मिळेल का विचारायला गेले तर स्की स्कूलने तिकीट खिडकीकडे पाठवलं आणि तिकीट खिडकीने स्की स्कूलकडे. एवढ्या सगळ्यांत एकानेही विचारलं नाही की मुलीच्या पायाची लांबी किती आहे. पाय मोजायची पट्टी त्याच काउंटरवर भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आज नऊ वर्षांनी लिहितानाही माझा संताप होतो. सात वर्षांच्या पोरीने "मला जमत नाही" असं मनाशी धरलं, आणि चूक होती आमच्या नंबराची आणि त्यांच्या बेपर्वाईची.

बूट का बसेना, हे नीट समजून घ्या, कारण यात नुसती गैरसोय नाही, धोका आहे. प्रत्येक बुटाच्या टाचेपाशी तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. बाइंडिंग त्या लांबीला लावावं लागतं. शिवाय पडल्यावर स्की किती जोराला सुटावी, तो डिन आकडा वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करणाऱ्याचा प्रकार यांवरून ठरतो. फार घट्ट असेल तर स्की सुटत नाही आणि गुडघा किंवा नडगी पिरगळते, फार सैल असेल तर भलत्या वेळी निसटते. म्हणून बूट बदलला की बाइंडिंग पुन्हा लावून घ्यायचंच, अर्धा नंबर का बदलेना. माझा बूट बसलाच नाही ते एका अर्थी बरं झालं. जेमतेम बसला असता तर मी तिला तशीच उतारावर सोडली असती. आणि फॉर्मवर वजन खरं लिहा, "थोडंफार येतं" असं लिहू नका. नवशिक्या तो नवशिक्याच लिहायचा. स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः काही करू नका.

तुम्हाला जमलं तर आदल्या संध्याकाळी जाऊन सामान घ्या. बऱ्याच ठिकाणी देतात, आणि रात्री घरी गालिच्यावर मुलाला वीस मिनिटं बूट घालून बसवता येतं. कुठे दुखतंय ते तिथेच कळतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात टेकडी चालू असेल तेव्हा काउंटरवर गर्दी नसते, माणसंही शांतपणे बघतात. हंगामभर जायचं असेल तर पूर्ण हंगामासाठी भाड्याने मिळतं का विचारा. मुलांसाठी ते रोजच्या भाड्यापेक्षा बहुधा परवडतं आणि बूट एकदाच नीट बसवून घेता येतात. विकत घ्यायचे तर फक्त मोजे, हातमोजे, गॉगल. हातमोज्यांपेक्षा एकबोटी मिटन गरम राहतात, एक जोड जास्तीचा ठेवा. जुनं हेल्मेट कुणाकडून घेऊ नका, त्याने आधी मार खाल्लाय का ते वरून दिसत नाही.

मोठ्या रिसॉर्टबद्दल. माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना पटणार नाही. पहिल्या दहा दिवसांत मुलाला लागतो एक मंद उतार, एक मॅजिक कार्पेट आणि पाच मिनिटांत गाठता येईल असं गरम खोलीतलं बाक. बाकीचे पन्नास उतार त्याच्या काहीच कामाचे नाहीत, पण तिकिटाचे पैसे तुम्ही त्या सगळ्यांचे भरता. छोट्या टेकडीवर नुसत्या शिकाऊ भागाचं किंवा अर्ध्या दिवसाचं तिकीट मिळतं का ते आधी विचारा. मूल दोन तासांत थकलं तर घरी जाताना जीव हळहळत नाही. कुठूनही मूल नजरेत राहतं, हे तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. एक सावधगिरी मात्र घ्या, उताराचा रंग बहुधा त्याच टेकडीवरच्या बाकीच्या उतारांच्या तुलनेत ठरतो. उत्तर अमेरिकेत सोपा उतार हिरव्या वर्तुळाने दाखवतात, युरोपात बहुतेक ठिकाणी निळ्याने. त्यामुळे इथला निळा जमला म्हणून दुसरीकडचा निळा जमेल असं धरू नका.

छोट्या टेकड्या बहुतेक कमी उंचीवर असतात, त्यामुळे त्यांचा भरवसा यंत्राने केलेल्या बर्फावर. त्यासाठी हवेचं ओलं तापमान (वेट बल्ब, म्हणजे हवेतला दमटपणा धरून मोजलेलं) साधारण उणे २ अंशांच्या खाली जावं लागतं. हवा कोरडी असेल तर थर्मामीटर शून्याच्या किंचित वर असतानाही यंत्र चालतं, दमट असेल तर शून्यालाही उपयोग नाही. तीन-चार थंड, कोरड्या रात्री गेल्या की मग जा. पाऊस पडून रात्री गोठलं असेल तर सकाळी उतार काचेसारखा असतो. अशा दिवशी नवशिक्या मुलाला दहानंतरच न्या, किंवा नेऊच नका.

लिफ्टचं एक राहिलं. तुमच्या टेकडीवर टी-बार (दोराला टांगलेला उलट्या टीसारखा दांडा, तो उभ्या माणसाला वर नेतो) आहे असं लिहिलंय. जुन्या छोट्या टेकड्यांवर ओढणाऱ्या लिफ्टच जास्त. (अमेरिकेतली पहिली दोराची लिफ्ट १९३४ मध्ये व्हर्मांट राज्यातल्या वुडस्टॉकला फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनावर चालवली होती, हे माझ्या मुलाला इतकं आवडलं की पहिल्या दिवशी तो दोर बघायलाच आला.) टी-बारवर बसायचं नसतं, तो नुसता मागून ढकलतो. मुलं बसायला जातात आणि पडतात. पडलं तर लगेच बाजूला सरकायचं, हे घरीच शिकवा. लोंबणारा मफलर नको, तो लिफ्टमध्ये अडकतो. चेअरलिफ्टची घाई पहिल्या दिवशी करू नका.

शिकवायचं काम स्वतः घेऊ नका, निदान पहिले दोन धडे तरी. आपण आवाज चढवतो. इन्स्ट्रक्टर "पिझ्झा कर" म्हणतो तेव्हा मूल हसत स्कीची टोकं जवळ आणतं, आपण म्हटलं की रडतं. काठ्या सुरुवातीला देऊच नका. एकच नियम पहिल्याच दिवशी पक्का करा, आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या दहा नियमांतलाच तो आहे. पुढे, खालच्या बाजूला जो आहे त्याला जपायचं काम मागून येणाऱ्याचं. आणि ढग असले तरी चेहऱ्याला सनस्क्रीन लावा, ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो.

बोटं पांढरी पडून बधिर झाली असतील तर चोळू नका, आत आणून अंगाच्या उबेने हळूहळू गरम करा. रंग आणि जाणीव परत आली नाही तर सरळ डॉक्टरकडे, माझ्या किंवा कुणाच्याही पोस्टची वाट बघू नका.

माझी मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर मैत्रिणीबरोबर परत गेली, १ सेंटिमीटरही जास्त नसलेला बूट आणि एकच पातळ मोजा घालून. संध्याकाळी दिवे बंद होईपर्यंत खाली यायला तयार नव्हती.

आज रात्री मुलाच्या दोन्ही पायांची लांबी मोजा. भाड्याची पावती असेल तर त्यावर बुटाचा नंबर असेल. दोन्ही आकडे इथे लिहा, उद्या संध्याकाळी बघून सांगते.