विश्वास कमी पडला का?

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. आम्ही राजारामपुरीत राहतो. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत कामाला होते. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चर्चच्या मंडळीतले लोक घरी येतात, प्रार्थना करतात आणि उठताना म्हणतात, ‘विश्वास कमी पडतोय.’ हल्ली बायबल उघडलं की नुसतं रडू येतं. मला शांती का मिळत नाही?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सलाम. तुमच्या विश्वासाचं माप काढायचा अधिकार त्या लोकांना कुणी दिला? प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, जावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायला कुणी धजेल का?

रडू येतं तर येऊ द्या. मेलेल्या लाजराच्या थडग्याकडे जाताना येशूही रडला, आणि आपण त्याला उठवणार हे माहीत असताना रडला. स्तोत्र ८८ काढा. त्यात शेवटपर्यंत तक्रारच आहे, शेवटची ओळसुद्धा अंधाराची. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. पाठ असलेली प्रार्थना ओठावर येत नसेल, तर तेच मोठ्यानं वाचा, मिस्टरांच्या उशाशी बसून. वाचा गेली तरी पुष्कळदा त्यांना ऐकलेलं कळतं, हे मी नर्सच्या नोकरीत पाहिलंय. त्यांच्यासमोर ‘आता काही खरं नाही’ असं कुणालाही बोलू देऊ नका.

पंडिता रमाबाईंचं मला नेहमी आठवतं. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षंही झाली नसताना नवरा. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. एवढं सोसलेल्या बाईनं केडगावला किती निराधार बायका-मुलींना आसरा दिला! तिचं दुःख संपलं होतं म्हणून नव्हे. शांती अशी दुःखाच्या सोबतीनंही येते, असं मला मनापासून वाटतं.

आणि रात्री एकट्या जागू नका. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे एका माणसाचं काम नाही. पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा : प्रार्थनेला येणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी रात्रीची पाळी वाटून घ्यावी, आणि रविवारी उपासनेच्या वेळी कुणीतरी मिस्टरांपाशी बसावं, म्हणजे तुम्हाला जाता येईल. मागायला संकोच करू नका.