'जीसीएस ६' म्हणजे माणूस वाचेल का?
भाऊ माडावरून पडला, आंबा घाटातून कोल्हापूरला हलवला, डॉक्टर 'जीसीएस ६' म्हणाले; वाचेल का, असं विचारलंय तुम्ही. नुसत्या ६ वर छातीठोक कोणीच सांगू शकत नाही.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी. ती १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी काढली. डोळे, बोलणं, हालचाल मिळून ३ ते १५ गुण. ८ किंवा खाली म्हणजे गंभीर. त्यातही हालचाल मोलाची. चिमटा काढल्यावर हात त्या जागी येतो की नुसता ताठ होतो, ते विचारा. टॉर्च मारल्यावर दोन्ही बाहुल्या आकसतात का, हेही. शिवाय वय, सीटी स्कॅन, वाटेत बीपी-ऑक्सिजन पडला होता का. डोक्याच्या दुखापतीसाठीची 'क्रॅश' आणि 'इम्पॅक्ट' ही गणितं यातलंच बरंचसं धरून अंदाज देतात, पण तो शंभर जणांचा. तुमच्या भावाचा नव्हे.

झोपेचं औषध चालू असेल तर आकडा फसवा, आणि घशात नळी असताना बोलण्याचे गुण द्यायचे कसे? पहिले तीन दिवस तरी आशा सोडायची घाई नको.

वाचला तर मोठी सुधारणा बहुधा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढेही हळूहळू चालू राहते. आमच्या वाडीतला एकजण वर्षाने जाळं विणायला बसला. गाठी अचूक, भाच्याचं नाव मात्र अजून आठवत नाही.